रंग, गळती आणि निगुडकरांचा ऋषभ

आर्नहेम,
भाऊबीजेनंतरचा तिसरा दिवस

तीर्थरूप शोभाताईस,

धाकट्या शिरीषचा वाकून नमस्कार. (कमरेचा पट्टा कालच सुटला, तेव्हा 'वाकून' हा शब्द या वर्षी प्रथमच खरा आहे.) दाजींनाही नमस्कार सांग. त्यांचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केल्यावरही ते गच्चीवर झोपायला जातात ते नेमके कुठून, असं सरलाने विचारायला सांगितलं आहे. तू भाऊबीजेला माझ्या फोटोला ओवाळलंस ते चित्र मिळालं. डोळे भरून आले. फक्त पुढच्या वर्षी फोटो भिंतीवरून उतरवून घे आणि मग ओवाळ. एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला नाना, दोघेही हारात, आणि मधोमध मी. ते चित्र पाहून आमच्या ईशानीने मला ऑफिसात फोन केला आणि मी उचलेपर्यंत तिच्या जिवात जीव नव्हता.

इकडे सर्व ठीक. आता तुझ्या परवाच्या निरोपाकडे येतो. "मुलगा बघून आलात, पोहे खाऊन आलात, आणि सख्ख्या बहिणीला ते योगवर्गात कळावं?" असं तू लिहिलं आहेस आणि पुढे रागाच्या तीन लाल चेहऱ्यांची ओळ टाकली आहेस. निगुडकरांची मावशी सांगलीत तुझ्या शेजारच्या चटईवर शवासन करते, हे मला माहीत असायचं कारण नव्हतं. पण आता विषय निघालाच आहे तर सगळं पहिल्यापासून लिहितो. कागदावर लिहितोय, कारण कागद फॉरवर्ड करता येत नाही. फोन केला नाही, कारण हा सगळा घोटाळा एका फोननेच केलेला आहे. एवढं मात्र आधीच सांगून ठेवतो: आम्ही मुलगा बघायला गेलो नव्हतो. आम्ही पानं बघायला गेलो होतो.

हसू नकोस. इथे ऑक्टोबर उतरणीला लागला की झाडांचे रंग बदलतात, आणि ते बघायला लोक मुद्दाम गाड्या काढून जातात. हिरवा रंग जातो म्हणजे काय होतं, हे मी कुठल्याही डिग्री कॉलेजची पायरी न चढता समजून घेतलं आहे. (आपल्या घराण्यात डिप्लोमावर थांबलेला हा एकटाच, असं तू प्रत्येक लग्नकार्यात सांगतेस, तेव्हा यापुढे हेही सांगत जा.) हिवाळ्याआधी झाड पानातलं हरितद्रव्य मोडून त्यातलं कामाचं तेवढं आत ओढून घेतं, आणि मग खाली दडलेला पिवळा दिसायला लागतो. तांबडा मात्र नव्याने तयार होतो. पिवळा मुळातला, तांबडा नवा, हा फरक इथे जन्मलेल्यांनाही माहीत नसतो. मी ऑफिसात विचारून पाहिलं आहे. आता लोक मला विचारत नाहीत, पण त्यांना माहीत झालं आहे. अमेरिकेत या प्रकाराला फॉल म्हणतात. आपल्याकडे फॉल साडीला लावतात, आणि पहिल्या वर्षी सरलाने "पिको पण करून आणू का?" असं विचारल्यापासून मी तो शब्द घरात बंद केला आहे.

तर या वर्षी एक दिवसाची रोड ट्रिप काढायची असं मी उन्हाळ्यातच ठरवलं. या देशाची अडचण अशी की रोड ट्रिपला रोड पुरत नाही. आर्नहेमहून नाकासमोर निघालं तर थर्मासचं झाकण उघडायच्या आत जर्मनी लागतो. म्हणून मी आमच्या उत्तरेच्या व्हेलुवेच्या जंगलाभोवती वेटोळ्याचा मार्ग आखला. बीच हे झाड सकाळच्या कोवळ्या उन्हात मागून बघायचं, म्हणजे पानं तांब्यासारखी पेटतात. अमेरिकन ओक दुपारनंतर समोरून. बर्चला काही नियम नाही, तो कुठूनही बरा दिसतो. त्याप्रमाणे थांबे लावले. सरलाचं म्हणणं, "आधी दारातली गोळा करा. नगरपालिकेनं कोपऱ्यावर जाळीची टोपली ठेवलीय, ती सगळ्या गल्लीनं भरली, त्यात आपलं एक पान नाही." मी तिला समजावलं की ती पडलेली पानं, आपण लागलेली बघायला चाललो आहोत. "पुढच्या आठवड्यात तीही पडतील," ती म्हणाली. हेच तर मी सांगत होतो! पण सहमत असूनही भांडता येतं हे तिच्याशी लग्न झाल्यावरच मला समजलं.

आता ईशानीबद्दल, कारण खरी गोष्ट तिची आहे. ती लायडनला प्रयोगशाळेत असते हे तुला ठाऊक आहे. गेल्या संक्रांतीला इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात तिला एकीने वय विचारलं, दुसरीने उंची, आणि तिसरीने तिच्या देखतच सरलाला "ठेवलंय का काही बघून?" असं विचारलं. त्या दिवसापासून ती आमच्याबरोबर एकाही मराठी घरी आलेली नाही. आमच्याकडेही येते ती जेवते, लॅपटॉप उघडते, गाडी गाठते. मला ते सोसवेना. शेवटी मी तिला शब्द दिला, की तुला मी कुणाकडे दाखवायला नेणार नाही आणि कुणालाही आणून तुझ्यासमोर बसवणार नाही. तिने "बेलोफ्त?" असं विचारलं. इकडे डचमध्ये वचनाला असं म्हणतात. मी म्हटलं, बेलोफ्त. तेव्हा कुठे ती या सहलीला तयार झाली. ताई, मुलगी अख्खा दिवस माझ्या गाडीत बसणार होती, दारं बंद, लॅपटॉप घरी. मला त्या दिवसापुढे सगळ्या व्हेलुवेचे रंग दुय्यम होते. (हे सरलाला कळवू नकोस. तिला वाटतं मी झाडांसाठीच जातो, आणि ते मान टिकवायला बरं पडतं.)

निगुडकर आले ते असे. चंद्रशेखर निगुडकर आपेलडोर्नच्या अलीकडे राहतात, घराच्या मागे थेट जंगल. गणपतीत मंडळाच्या पंगतीला ते माझ्या शेजारी होते, तेव्हा म्हणाले होते, "आमच्या मागचा बीच एकदा बघायला याच." मी ते लक्षात ठेवलं. सहलीच्या आधीच्या बुधवारी त्यांना फोन लावला, म्हटलं जागेवरचा ताजा रिपोर्ट घ्यावा. फोन उचलला त्यांच्या पत्नीने, भार्गवीवहिनींनी. मी शांतपणे, स्पष्ट मराठीत सांगितलं, "वहिनी, रविवारी तुमच्याकडे बघायला यावं म्हणतोय. निगुडकरांशी गणपतीत बोलणं झालंय."

'पानं' हा शब्द मी जाणूनबुजून घेतला नाही. पानं बघायला येतो म्हटलं की मराठी माणूस एकतर पत्ते काढतो नाहीतर कात-चुना. शिवाय ऑक्टोबरात, जंगलाला लागून राहणाऱ्या माणसाकडे कुणी दुसरं काय बघायला जाणार?

वहिनींनी आधी मागचा टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "अगोबाई! या की. आम्हीच विचारणार होतो, पण तुम्ही लोक असल्या गोष्टी मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं."

मी म्हटलं, "दर वर्षी राहून जातं. या वर्षी ईशानी तयार झाली, म्हणून."

"ईशानी स्वतः तयार आहे?"

"तारीखच तिने दिली. बरं, रंग कसा आहे सध्या?"

"रंग तसा मुळात चांगला आहे हो. यंदा उन्हानं जरा रापलाय."

हे मला पटलं. उन्हाळा कोरडा गेला की पानांच्या कडा करपतात. मी तसं टिपून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला, "गळायला लागलेत का?"

त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "थोडे. पुढचे. पण मागे अजून दाट आहेत."

पुढे म्हणजे रस्त्याची बाजू, तिकडे वारा लागणारच. बीच मागे होता. मला हायसं वाटलं. "मग उशीर करण्यात अर्थ नाही," मी म्हटलं. "एक वादळ आलं की सगळे जातील."

"असं नका हो म्हणू," वहिनी म्हणाल्या. अगदी कळवळून. मला वाटलं, काय बाई आहे, झाडाला किती जपते! जाता जाता मी विचारलं की बाहेरचे लोक येतात का बघायला. "तीन जण येऊन गेले," त्या म्हणाल्या, "पण जमलं नाही." मी समजलो, पार्किंग.

रविवारी निघालो. ताई, काय दिवस होता! पहिल्या थांब्याला धुकं नुकतंच उचलत होतं आणि बीचची रांग अशी पेटली होती की सरलाने स्वतःहून "थांबवा जरा" म्हटलं. (गेल्या कित्येक वर्षांत ती गाडीत 'थांबवा' फक्त मी रस्ता चुकल्यावर म्हणत आली आहे, म्हणजे तिच्या मते.) ईशानी चिखलाचे बूट घालून पुढे पळत होती, पानं उचलून मला आणून विचारत होती, "बाबा, धिस वन?" मी सांगत होतो. ती ऐकत होती. मधेच ती म्हणाली, "यू नो, धिस इज नाइस," आणि मी आनंदाच्या भरात तिला पानाच्या देठाशी तयार होणाऱ्या बुचाच्या थराबद्दल जरा जास्तच सांगितलं, तरी ती पळाली नाही.

दुपारी निगुडकरांकडे पोहोचलो. दारात रांगोळी. वहिनी पैठणीत. चंद्रशेखरराव रेशमी झब्ब्यात. मी मनात म्हटलं, दिवाळीच्या तोंडावर हौस आहे माणसांना. आमचा अवतार ऐक: ईशानीच्या गुडघ्यापर्यंत चिखल, सरलाच्या डोक्याला लोकरीची टोपी, माझ्या अंगात रेनकोट आणि गळ्यात दुर्बीण. (उंच शेंड्यावरची पानं खालून ओळखायची तर दुर्बिणीला पर्याय नाही.) वहिनींनी दुर्बिणीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. आम्हाला कोचावर बसवलं. समोर नारळाच्या वड्या, चकल्या, करंज्या. आणि मग आतून त्यांचा मुलगा ऋषभ आला, इस्त्रीच्या कुर्त्यात, हातात पोह्यांचा ट्रे, नजर खाली.

सरलाने मला चिमटा काढला. मला वाटलं, पोहे कमी घ्या म्हणते आहे.

चंद्रशेखरराव घसा साफ करून म्हणाले, "आता काळ बदललाय. पूर्वी मुलगी पोहे आणायची. आमचं म्हणणं, आमच्या मुलानं आणावेत. विचारा, काय विचारायचं असेल ते मोकळेपणी विचारा."

मला खिडकीतून ऊन उतरताना दिसत होतं. मी म्हटलं, "विचारायचं काही नाही. फोनवर सगळं कळलंय. फक्त पुढचे गळलेत म्हणालात, तर मागून एकदा नीट बघू या का? मागे दाट आहेत ना?"

सगळे ऋषभच्या डोक्याकडे बघायला लागले. त्या बिचाऱ्याने ट्रे टेबलावर ठेवला आणि, ताई, तो खरोखर पाठ फिरवून उभा राहिला. दाट होते. मला तरीही काही कळलं नाही. मला वाटलं, तो आम्हाला मागची वाट दाखवतो आहे, म्हणून मी उठलोदेखील. पण ईशानीचा चेहरा मी पाहिला. पांढरा पडला होता, आणि ती माझ्याकडे बघत होती, तिच्या लहानपणी मी तिला न सांगता बालवाडीत सोडून निघालो तेव्हा बघत होती तशी. मग ती उभी राहिली, ऋषभला डचमध्ये काहीतरी म्हणाली, आणि दोघं मागच्या बागेत गेली.

मीही निघालो, तर चंद्रशेखररावांनी माझा हात धरून मला बसवलं. "असू द्या. बोलू द्या त्यांना." म्हणजे बीच बागेत, ऊन चाललेलं, आणि मी आत चकली हातात घेऊन! शेवटी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि खिडकीतून दुर्बीण लावली. झाडाखालीच दोघं उभी होती, मधेच आडवी येत होती. तरी मला जे बघायचं होतं ते दिसलं, आणि मी हादरलो. मागे वळलो तर दारात भार्गवीवहिनी पाण्याचा पेला घेऊन उभ्या.

निरोप घेताना सगळे फार हळू आवाजात बोलत होते. गाडी वळवून मोठ्या रस्त्याला लागलो. मग मागून ईशानी म्हणाली, मराठीत, एकेक शब्द सुटा: "बाबा, तुम्ही शब्द दिला होता."

आता, मीही त्या क्षणी संतापलेला होतो. मी म्हटलं, "शब्द गेला खड्ड्यात, आधी मला सांग, त्या माणसाने माझ्याशी खोटं का बोलावं? तो बीच नाहीच! हॉर्नबीम आहे! पानाची कड करवतीसारखी आहे, मी दुर्बिणीतून पाहिली. बीचची कड गुळगुळीत असते. त्यासाठी मी अख्खी दुपार वाकडी केली, आणि वर तो मुलगा सारखा मधे येत होता!"

मग सरला हसायला लागली. ती इतकी हसली की टोपी डोळ्यांवर आली. तिने मला सगळं समजावून सांगितलं, रंग म्हणजे काय, पुढचे म्हणजे काय, मागचे म्हणजे काय. मला गाडी बाजूला घ्यावी लागली. मला आरशात ईशानीकडे बघायचं धाडस होईना. तेवढ्यात तिचा हात मागून माझ्या खांद्यावर आला. "नो वन कॅन फेक दॅट," ती म्हणाली. म्हणजे असं सोंग कुणाला जमणार नाही. मुलगा समोर पाठमोरा उभा आणि हा माणूस पानाची कड बघतोय! तिने माझ्यावर विश्वास ठेवला, ताई. मला आयुष्यात डिग्री मिळाली नाही, पण या वाक्यावर माझं भागतं.

बागेत काय बोलणं झालं तेही तिने सांगितलं. ऋषभने पहिला प्रश्न विचारला तो असा, "खरंच इतके गेलेत का?" ती म्हणाली, मुळीच नाही. मुलगा भला आहे, तिच्या मते फार भला आहे, पण नवरा वगैरे नाही. तेव्हा तुझ्या योगवर्गात कृपा करून स्वच्छ शब्दांत सांग की बघण्याचा कार्यक्रम झालेला नाही, होणार नव्हता, आणि शिरीष दिलेला शब्द पाळणारा माणूस आहे.

कळावे. कळलं नसेल तर पुन्हा एकदा वाचावे.

तुझा धाकटा भाऊ,
शिरीष

ता. क. : मूळ काम लिहायचं राहिलंच. निगुडकर उत्तराची वाट बघताहेत. नकार आपण द्यायचा आहे, आणि कारण सापडत नाही. आम्ही पानं बघायला आलो होतो, हे कुठल्या तोंडाने सांगू? त्या माउलीने पहाटे उठून वड्या थापल्या, पोराने कुर्त्याला स्वतः इस्त्री केली, त्यांना 'आम्ही तुमच्याकडे नाही, तुमच्या झाडाकडे आलो होतो' असं म्हणायचं? मुलात खोट काढवत नाही. केसांबद्दल तर एक अक्षर नको. तू तुझ्या श्रीहर्षच्या लग्नाच्या वेळी कितीतरी घरांना नकार दिलेस, आणि त्यातली निम्मी घरं आजही तुझ्याकडे हळदीकुंकवाला येतात. ही विद्या आपल्यात फक्त तुझ्याकडे आहे. तेव्हा नकार तुझ्या नावावर देऊ का? 'सांगलीच्या आत्याबाई जुन्या वळणाच्या, त्यांना पत्रिकेत काहीतरी खटकलं,' एवढंच. हरकत असेल तर उलट टपाली कळव. तोपर्यंत मी सांगून टाकलेलं असेल.

ता. क. २ : पाकीट चिकटवायच्या आत चंद्रशेखररावांचा फोन आला. तुझं नाव वापरायची गरज उरली नाही. नकार त्यांच्याकडून आला आहे. "मुलगी आम्हाला सगळ्यांना आवडली," ते म्हणाले, "पण शिरीषराव, राग मानू नका... वडील आम्हाला जरा फारच बारीक नजरेचे वाटले. मुलाचे केस मागून बघायला मागितले, ठीक आहे, एकेकाचा स्वभाव असतो. पण मुलं बागेत बोलत असताना दुर्बीण? ऋषभ म्हणाला, जन्मभर कुणीतरी तपासतंय असं वाटेल." ताई, म्हणजे मुलगी पसंत आहे आणि मी नापसंत आहे. खुलासा अगदी जिभेवर आला होता, पण मग त्या वड्यांचं, इस्त्रीचं काय? मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. तसा स्वभावच आहे माझा." नकार गिळून फोन ठेवला. हॉर्नबीमचंही काही बोललो नाही, याची नोंद घ्यावी.

ता. क. ३ : ईशानीला आत्ता कारण सांगितलं. ती आधी खूप वेळ हसली. मग हसू थांबलं आणि चिडून म्हणाली, "तुम्हाला नाही म्हणाले? माझ्या बाबांना? कोण समजतात स्वतःला?" मी तिला शांत केलं, बिचाऱ्यांची बाजू समजावली. त्यावर म्हणाली की बीच आणि हॉर्नबीम तिला अजून वेगवेगळे ओळखता येत नाहीत, तेव्हा येत्या रविवारी ती येते, गाडी ती चालवेल, मी फक्त दाखवायचं. सरला म्हणते, तुम्ही दोघंच जा, मला झोपू द्या. तेव्हा योगवर्गात आता काही लपवू नकोस. मुलगी चांगली, मुलगा चांगला, बापावरून फिसकटलं, असं मावशीला खुशाल सांग. रविवारी मात्र फोन करू नकोस. आम्ही गाडीत असू.